शेततळ्यात बुडालेले डुक्कर आणि पाण्याकाठचे वराहपालन

माणकाठ (सांगोला)
17 एप्रिल, रात्री 9.42

नमस्कार. तेल्या रोगामुळे डाळिंबाची बाग काढून टाकावी लागल्यानंतर चार वर्षांपूर्वी मी वराहपालनाकडे वळलो. सध्या माझ्याकडे 11 माद्या, एक नर आणि वाढीची व लहान अशी मिळून साठेक जनावरे आहेत. सर्व लार्ज व्हाइट यॉर्कशायर जातीची. शेडपासून सुमारे 40 मीटरवर बागेच्या काळातले शेततळे आहे. ते 30 बाय 30 मीटरचे, 3 मीटर खोल असून त्यात 500 मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला आहे. आजवर मी या तळ्याकडे फक्त पाण्याचा साठा म्हणून पाहत आलो.

गेल्या गुरुवारी दुपारी शेडचे फाटक उघडे राहिले. गड्याला दोष देत नाही, कारण फाटकाची कडी सैल झाली आहे हे मला महिनाभर ठाऊक होते. वाढीची सहा डुकरे बाहेर पडली. पाच जनावरे लिंबाच्या सावलीत सापडली आणि सहावे, अंदाजे 60 किलोचे, तळ्यात मेलेले आढळले. सध्या पाणी बरेच खाली गेले आहे, त्यामुळे वरच्या काठापासून पाण्यापर्यंत सहा-सात फूट उघडा कागद दिसतो. त्या कागदावर पाण्याच्या रेषेच्या वर हात-दीड हात उंचीपर्यंत खुरांचे ओरखडे होते, आणि ते एकाच ठिकाणी नव्हते. पूर्व बाजूला होते, उत्तरेला होते, आणि ईशान्येच्या कोपऱ्यात तर जणू खराट्याने झाडल्यासारखे दाट होते. ते जनावर बराच वेळ पोहत होते आणि प्रत्येक बाजूने वर येऊ पाहत होते, हे ते ओरखडे पाहिल्यावर कोणालाही कळले असते.

माझे प्रश्न असे आहेत. तळ्याभोवती नेमके कोणत्या प्रकारचे कुंपण करावे? चुकून जनावर आत पडलेच तर ते स्वतःहून बाहेर येईल अशी काही सोय कागदाला धक्का न लावता करता येते का? आणि आमच्याकडचा उन्हाळा पाहता डुकरांना पाण्यात बसू द्यावे की शेडमध्येच ठेवावे? अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

---

कागदवाला (निफाड)
17 एप्रिल, रात्री 11.05

माणकाठ, झाले ते वाईट झाले. मी शेततळ्यांचे अस्तरीकरण करतो. पाहण्यात आलेली प्रकरणे बहुधा कुत्र्यांची, शेळ्यांची आणि दुर्दैवाने माणसांचीही आहेत. कारण प्रत्येक वेळी एकच असते. कोरडा कागद निसरडा असतोच, पण ओला झालेला आणि त्यावर शेवाळाचा पातळ थर बसलेला कागद साबणासारखा होतो. आपल्या तळ्याचा उतार बहुधा दीडास एक असेल, म्हणजे दीड मीटर आडवे गेल्यावर एक मीटर खाली. हा कोन साधारण 34 अंशांचा होतो. डुकरांना गाडीत चढवण्यासाठी जो रॅम्प करतात, तो 20 अंशांपेक्षा जास्त चढाचा नसावा असा संकेत आहे, आणि तिथे तर पायाला पकड असते. तेव्हा 34 अंशांच्या ओल्या प्लॅस्टिकवर डुकराने चढावे ही अपेक्षाच करता येणार नाही. एकास एक उताराची, म्हणजे 45 अंशांची तळीही अनेक ठिकाणी आहेत. तिथे माणसालाही आधाराशिवाय वर येता येत नाही.

आत पडलेल्या जनावराच्या सुटकेसाठी मी गोठ्यात वापरतात त्या जाड रबरी मॅट सुचवतो. दोन-तीन मॅट एकमेकांना दोरखंडाने जोडून त्यांची पट्टी करावी, वरच्या बाजूला काठापासून दोन मीटर मागे पुरलेल्या खांबाला साखळीने बांधावी आणि खालचे टोक तळापर्यंत सोडावे, म्हणजे पाणी कितीही उतरले तरी पट्टी पाण्यात राहते. मॅटखाली जुन्या कागदाचा एक तुकडा घालावा, नाहीतर मॅटची कड मूळ कागदाला घासते. खिळा कुठेही मारू नये. ही पट्टी कोपऱ्यात सोडावी, कारण आत पडलेले जनावर काठाकाठाने पोहत राहते आणि शेवटी कोपऱ्यात अडकते; आपल्याकडच्या ईशान्य कोपऱ्यातले ओरखडे हेच सांगतात. मासेमारीचे जुने जाळे मात्र कधीही सोडू नका. ते स्वस्त पडते म्हणून बरेच जण सोडतात, पण खुरे त्यात गुंततात आणि बुडणे अधिकच लवकर होते.

प्रामाणिकपणे सांगायचे, तर 34 अंशांच्या चढावर मॅट असली तरी 60 किलोचे थकलेले डुक्कर वर येईलच, याची हमी मी देणार नाही. मॅटमुळे त्याला पाय टेकवून दम खाता येईल आणि माणूस येईपर्यंत तग धरता येईल, एवढे निश्चित. खरा उपाय कुंपणाचाच आहे.

आणि एक गोष्ट इथे येणाऱ्या प्रत्येकासाठी लिहितो. जनावर वाचवायला एकट्याने तळ्यात उतरू नका. काठावर हवा भरलेली ट्यूब आणि गाठी मारलेला लांब दोर खांबाला कायम बांधलेला असावा. हा दोर आधी माणसासाठी आहे.

---

जांभा (कुडाळ)
18 एप्रिल, सकाळी 7.20

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण माझा सगळा अनुभव त्यातलाच आहे. डुकराला घाम जवळजवळ येत नाही. उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्याच्याकडे जोरजोराने श्वास घेणे आणि अंग ओले करून घेणे हे दोनच मार्ग आहेत. नुसते पाणी अंगावरून लवकर वाळते, चिखल मात्र ओलावा धरून ठेवतो. म्हणून ते चिखल शोधते, घाणीची आवड म्हणून नव्हे. पांढऱ्या कातडीच्या यॉर्कशायरला तर कडक उन्हाने कानांवर आणि पाठीवर अक्षरशः भाजते, आणि चिखलाचा लेप त्यावर सावलीसारखा बसतो. आपले डुक्कर तळ्याकडे गेले ते याचसाठी. शेडजवळ बसायला ओली जागा असती, तर ते 40 मीटर चालत गेलेच नसते, असे मला वाटते.

माझ्याकडे लोळण्यासाठी सिमेंटचा उथळ हौद आहे. लांबी 12 फूट, रुंदी 8 फूट आणि सर्वांत खोल जागी खोली 9 इंच. त्याची एक लांब बाजू पूर्णपणे उताराची आहे, भिंत अशी नाहीच, त्यामुळे आत गेलेले जनावर कुठूनही सरळ चालत बाहेर येते. तळ आम्ही मुद्दाम खरबरीत ठेवला. घोटून गुळगुळीत केलेल्या तळावर गाभण मादीचे मागचे पाय फाकतात आणि ती कायमची जायबंदी होते. वर शेडनेटची सावली आहे. खालच्या बाजूला चार इंची पाइप आणि बूच आहे. दर तीन-चार दिवसांनी हौद रिकामा करतो आणि ते पाणी चरातून नेपियर गवताच्या पट्ट्यात जाते, ओढ्यात सोडत नाही.

खाद्य हौदापासून लांब ठेवा. खाद्य जवळ असले की भांडणे पाण्याच्या काठाशी होतात आणि दुबळे जनावर ढकलले जाते.

---

रानमेवा (पुणे)
18 एप्रिल, सकाळी 10.31

मध्येच एक शंका विचारतो. डुकरे उत्तम पोहतात असे ऐकले होते. बहामासमधल्या एका बेटावरची पोहणारी डुकरे पाहायला तर जगभरातून पर्यटक जातात. मग हे कसे बुडाले?

---

वाड्यावरचा (बार्शी)
18 एप्रिल, दुपारी 1.15

रानमेवा, त्या बेटाला वाळूचा उतरता किनारा आहे. जनावर पोहत येते, पाय टेकतात आणि ते चालत बाहेर येते. शेततळ्याला किनाराच नसतो.

आमच्या घरात डुकरे पिढ्यान्पिढ्या आहेत. आजोबांच्या काळात ती गावाबाहेरच्या ओढ्याकाठी मोकळी असत आणि संध्याकाळी थाळी वाजवली की घरी येत. ओढ्याला पूर आला तरी त्यात बुडून मेलेले मोठे डुक्कर मी लहानपणी पाहिल्याचे आठवत नाही. ते पाण्याचा अंदाज घेते, आधी नाक लावते, मग एक पाय टाकते. ते घाबरलेले असेल, कुत्रे मागे लागले असेल किंवा खालची जमीनच घसरती असेल, तरच फसते. बुडून मेलेली पिल्ले मात्र पाहिली आहेत, तीही ओढ्यात नव्हे, घरात. तीन दिवसांचे पिल्लू चार इंच पाणी असलेल्या घमेल्यात पडून मेले होते. मादी शेजारीच झोपली होती आणि तिला पत्ताही नव्हता. तेव्हापासून विणीच्या जागी पाण्याचे भांडे ठेवायचे असेल, तर आमच्याकडे त्यात मुठीएवढे गोल दगड भरून ठेवतात. मोठ्या जनावराचे नाक दगडांमधून पाण्यापर्यंत जाते आणि पिल्लू पडले तरी दगडावर उभे राहते.

व्यालेल्या मादीला पिल्लांचे दूध तुटेपर्यंत चिखलात सोडू नये, हेही आमच्या म्हाताऱ्यांचे सांगणे आहे. सडांना लागलेली घाण पिल्लांच्या पोटात जाते आणि हगवण लागते. त्या काळात तिच्या अंगावर दुपारी दोन वेळा पाणी मारले की पुरते.

माणकाठ, आपण कुंपण अवश्य करा, पण डुकराला पाण्यापासून पुरते तोडू नका. तहानलेले आणि तापलेले डुक्कर कोणतेही कुंपण मानत नाही.

---

कागदवाला (निफाड)
18 एप्रिल, दुपारी 3.48

वाड्यावरचा, मान्य आहे. म्हणून कुंपणाबद्दल थोडे सविस्तर लिहितो. डुक्कर कुंपणावरून उडी मारत नाही. ते नाक खाली घालून कुंपण उचलते. आपल्याकडे तळ्याभोवती साधारणतः सिमेंटचे खांब आणि पाच फुटी जाळी लावतात. ती माणसासाठी ठीक आहे, पण जाळीची खालची कड मोकळी राहिली, तर 50 किलोचे डुक्कर ती सहज वर करते. जाळी खाली फूटभर जमिनीत गाडावी, किंवा खालच्या कडेला लोखंडी पाइप बांधून तो दर दीड मीटरवर खुंट्यांनी ठोकून टाकावा. खर्च खांबांवर होतोच, तो या शेवटच्या फूटभरासाठी वाचवू नये.

झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत विजेचा सौम्य झटका सोडणारे यंत्र, हा स्वस्त पर्याय आहे. डुकरांसाठी दोन तारा पुरतात, एक जमिनीपासून सहा इंचांवर आणि दुसरी दीड फुटावर. खालच्या तारेला गवत टेकले की झटका उतरतो, म्हणून तारेखालची पट्टी नेहमी साफ ठेवावी लागते.

---

वाड्यावरचा (बार्शी)
18 एप्रिल, रात्री 8.02

झटका मशीनबद्दल माझा आक्षेप आहे. ज्या डुकराला झटक्याची सवय नाही, त्याला नाकावर झटका बसला की ते मागे फिरत नाही. मुसंडी मारून पुढेच घुसते. तार तळ्याच्या काठावर असेल, तर पुढे पाणीच आहे. म्हणजे जी गोष्ट टाळण्यासाठी तार बांधली, तीच तारेमुळे घडेल.

---

कागदवाला (निफाड)
18 एप्रिल, रात्री 9.10

आक्षेप रास्त आहे. मी लिहायला हवे होते ते आपण लिहिलेत. तार काठापासून किमान चार मीटर मागे हवी, आणि जनावरांना आधी शेडजवळच्या छोट्या अंगणात तारेची ओळख करून द्यावी लागते. तिथे तारेच्या मागे लगेच पक्की भिंत किंवा जाळी असावी, म्हणजे पुढे घुसण्याची वाटच राहत नाही आणि दोन-तीन दिवसांत ते तार दिसली की मागे सरायला शिकते. तरीही माझे मत असे आहे की, तळ्याभोवती जाळीच हवी आणि झटका हवा असेल तर तो जाळीच्या बाहेरच्या अंगाला, जाळी उकरू नये म्हणून. आणि घरगुती विजेची तार थेट कुंपणाला जोडण्याचा विचारही कोणी करू नये. त्यात डुक्कर मरते, माणूस मरतो आणि तो गुन्हाही आहे.

---

पांढरा कोट (पशुवैद्य)
19 एप्रिल, सकाळी 6.55

चर्चा उत्तम चालली आहे. बुडण्यापलीकडच्या काही गोष्टी मी लिहितो, कारण पाण्याकाठच्या डुकरांच्या बाबतीत मला बोलावले जाते ते बहुतेक वेळा बुडाल्यामुळे नव्हे.

आधी सुटकेनंतरच्या काळजीबद्दल. पाण्यातून जिवंत बाहेर काढलेले जनावर उभे राहिले म्हणजे वाचले असे समजू नये. फुप्फुसात पाणी गेलेले असेल, तर पुढच्या दोन-तीन दिवसांत न्यूमोनिया होतो. कानाला किंवा शेपटीला धरून ओढू नये. पोटाखालून रुंद पट्टा घालून उचलावे, पालथे ठेवावे, मान किंचित उताराकडे करावी आणि गर्दी हटवावी. धडपडीने आधीच तापलेले डुक्कर माणसांच्या गोंगाटानेही दगावते. त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवावे.

दुसरी गोष्ट थोडी वेगळी आहे, पण उन्हाळ्यात ती फार घडते. मोटार जळाली, लाइन गेली आणि डुकरांना दीड-दोन दिवस पाणीच मिळाले नाही, तर त्यांच्या शरीरात, विशेषतः मेंदूत, मिठाचे प्रमाण वाढते. नंतर पाणी आल्यावर त्यांना हवे तेवढे पिऊ दिले, तर मेंदूला सूज येते. असे जनावर आंधळ्यासारखे भरकटते, भिंतीला डोके लावून उभे राहते, कुत्र्यासारखे ढुंगणावर बसून मागे सरकत झटके देते. जवळ तळे असेल तर ते त्यात चालत जाऊन पडतेही, आणि मग मालक म्हणतो की डुक्कर बुडून मेले. म्हणून पाणी खंडित झाल्यानंतर पहिल्यांदा थोडे थोडे, दर अर्ध्या तासाने द्यावे. दूध पाजणाऱ्या मादीला दिवसाला 20 लिटरहून अधिक पाणी लागते आणि वाढीच्या डुकराला साधारण 6 ते 10 लिटर. निप्पलमधून, म्हणजे डुक्कर तोंडाने दाबून पाणी पिते त्या नळीच्या तोटीतून, धार नीट येते का हे रोज एका जनावराच्या उंचीला वाकून पाहावे. माझ्या अनुभवात निप्पल बुजलेला असतो आणि मालकाला तो चालू असल्याची खात्री असते.

तिसरी गोष्ट लेप्टोची. जांभा कुडाळचे आहेत, त्यांना हे नव्याने सांगायला नको. लेप्टोस्पायरा हे जिवाणू जनावरांच्या आणि उंदरांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात जातात आणि माणसाच्या पायावरच्या लहानशा जखमेतूनही शरीरात शिरतात. डुकरांमध्ये ते बहुधा गुपचूप राहतात. दिवस भरत आलेल्या माद्या गाभडू लागल्या किंवा मेलेली, अशक्त पिल्ले येऊ लागली, की मगच लक्षात येते. हौद साफ करताना गमबूट आणि रबरी हातमोजे घालावेत, पायाला जखम असेल तर ते काम दुसऱ्याला द्यावे, आणि काम केल्यानंतर आठ-पंधरा दिवसांत ताप व पोटऱ्या दुखणे सुरू झाले, तर डॉक्टरांना डुकरांच्या पाण्यात काम केल्याचे आवर्जून सांगावे. हे सांगितले नाही, तर उपचाराला उशीर होतो.

चौथी गोष्ट डासांची. जपानी मेंदूज्वराचा विषाणू क्युलेक्स जातीचे डास पसरवतात. भातशेतीत आणि साचलेल्या पाण्यात ते वाढतात आणि संध्याकाळनंतर चावतात. बगळ्यांसारखे पाणपक्षी हा विषाणू बाळगून असतात, पण तो झपाट्याने वाढतो तो डुकराच्या रक्तात. डुक्कर वरून निरोगी दिसते. गाभण मादीची पिल्ले मात्र मेलेली किंवा आतल्या आत वाळलेली येतात. पूर्व विदर्भात भाताचे बांध, बगळे आणि डुकरे एकाच ठिकाणी असतात, तिथे हा धोका खरा आहे. जिथे हा आजार आढळतो, त्या जिल्ह्यांत मुलांना 9 महिन्यांनंतर आणि पुन्हा 16 ते 24 महिन्यांदरम्यान लस देतात. ती चुकवू नये. जांभा दर तीन-चार दिवसांनी हौद रिकामा करतात, हे या दृष्टीनेही योग्य आहे, कारण डासाच्या अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो. रिकामे करता येत नाही अशा तळ्यात गप्पी मासे सोडावेत.

---

जांभा (कुडाळ)
19 एप्रिल, सकाळी 8.12

डॉक्टरसाहेब, लेप्टोबद्दल अक्षर न् अक्षर खरे आहे. दोन पावसाळ्यांपूर्वी माझ्या मेहुण्याला ताप आला. तो आधी भाताच्या लावणीला गेला होता आणि नंतर त्याने माझ्याकडे हौद काढला, त्यामुळे कुठून लागले हे सांगता येणार नाही. पण दवाखान्यात त्याने फक्त लावणीचे सांगितले, डुकरांचे सांगायला लाजला. तेव्हापासून माझ्याकडे गमबूट शेडच्या दारातच टांगलेले असतात आणि पावसाळ्यात हौद कोरडाच ठेवतो. सप्टेंबरपर्यंत डुकरांना तसाही त्याचा उपयोग नसतो.

---

लोहितकाठ (जोरहाट)
19 एप्रिल, रात्री 10.26

मी मूळचा लातूरचा असून नोकरीनिमित्त अकरा वर्षे आसामात आहे. इथे जवळपास प्रत्येक घराला पुखुरी, म्हणजे तळे असते, आणि बऱ्याच ठिकाणी तळ्याच्या काठावरच किंवा थेट पाण्यावर बांबूच्या फटींच्या तळाचा डुकरांचा माचा असतो. शेण-मूत्र खाली पाण्यात पडते, त्यावर शेवाळ आणि सूक्ष्म जीव वाढतात, ते कटला, रोहू, मृगळ हे मासे खातात. आपल्याकडच्या शेततळ्यांत असे का करत नाहीत, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. माणकाठ, आपल्याला डुकरे आणि तळे जवळ असण्याचा हा फायदाही आहे.

---

पांढरा कोट (पशुवैद्य)
20 एप्रिल, सकाळी 7.03

लोहितकाठ, पद्धत चांगली आहे आणि तिच्यावर आपल्याकडे संशोधनही झालेले आहे. पण हिशेब करून पाहा. शिफारस एक हेक्टर जलक्षेत्रामागे 30 ते 40 डुकरांची आहे. माणकाठ यांचे तळे 900 चौरस मीटरचे, म्हणजे हेक्टरचा अकरावा भाग. त्या तळ्याला तीन डुकरांची विष्ठा पचेल, त्यांच्याकडे 70 जनावरे आहेत. त्याहून जास्त खत पाण्यात गेले, तर रात्रभर प्राणवायू संपत जातो आणि पहाटे मासे पाण्याच्या वर तोंडे उघडून गोळा होतात. ढगाळ हवेत हे एका रात्रीत होते. शिवाय तेच पाणी ठिबकला वापरायचे असेल, तर फिल्टर रोज धुवावे लागतील. आणि उन्हाळ्यात अशा पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा निळ्या-हिरव्या शेवाळाचा तवंग आला, तर ते पाणी पिऊन जनावरे दगावू शकतात.

---

लोहितकाठ (जोरहाट)
20 एप्रिल, रात्री 9.40

तीन डुकरांचा हिशेब मी केलाच नव्हता. इथे एका घराची दोन-चार डुकरे असतात आणि पुखुरी मोठी, म्हणून ते जमते. माझी सूचना मागे घेतो.

त्याऐवजी एक कटू अनुभव सांगतो. 2020 मध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हर भारतात प्रथम आढळला तो इथे, आसाम आणि अरुणाचलात. माणसाला त्यापासून काहीच होत नाही, पण डुकरांमध्ये बहुतेक जनावरे मरतात आणि त्यावर उपचार नाही. त्या उन्हाळ्यात लोकांनी घाबरून मेलेली डुकरे नदीत सोडली. मी सकाळी फिरायला जाई त्या घाटाला एक फुगलेले काळे डुक्कर तीन दिवस अडकून पडलेले होते, आणि खालच्या गावची डुकरे त्याच काठावर चरायला येत. त्यातल्या किती घरांची डुकरे गेली, हे पुढे मोजायला कोणी उरले नाही. तेव्हा माणकाठ, जनावर मेले तर ते ओढ्यात किंवा कालव्यात जाता कामा नये. तळ्यापासून आणि विहिरीपासून दूर, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे, आणि एकापाठोपाठ एक जनावरे तापाने मरू लागली तर पुरण्याआधी पशुसंवर्धन खात्याला कळवावे. हॉटेलचे उरलेले अन्न घालत असाल तर ते किमान अर्धा तास उकळूनच घालावे.

---

पाटकरीण (जुन्नर)
21 एप्रिल, दुपारी 12.18

माझा प्रश्न तळ्याच्या बांधाबद्दल आहे. आमच्या शेजाऱ्यांची डुकरे आमच्या मातीच्या तळ्याचा भराव उकरतात. त्यांच्या नाकात कडी घालावी, असे काही जण सुचवतात. ते योग्य आहे का?

---

वाड्यावरचा (बार्शी)
21 एप्रिल, दुपारी 2.50

ताई, कडी घातली की उकरणे थांबते, पण उकरणे हेच डुकराचे दिवसभराचे काम असते. ते थांबवले की ते दुसऱ्याची शेपटी चावते. भरावावर गांडुळे आणि लव्हाळ्याच्या गाठी असतात, म्हणून ते तिथे येते. सांडव्याजवळ उकरलेला एक हातभर खड्डासुद्धा पहिल्या मोठ्या पावसात बांध फोडू शकतो, त्यामुळे तिथे आधी जाळी लावा आणि उकरलेली जागा आताच, पाऊस पडण्याआधी, माती भरून चोपून घ्या. शेजाऱ्यांशी भांडण्याऐवजी जाळीचा खर्च निम्मा-निम्मा करून पाहा. डुकरे त्यांची आहेत, पण बांध फुटला तर पाणी दोघांच्याही रानात शिरणार आहे.

---

माणकाठ (सांगोला)
2 नोव्हेंबर, रात्री 8.35

बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. सर्वांचे मनापासून आभार. काय केले आणि काय राहिले, ते सांगतो.

पहिल्याच आठवड्यात फाटकाला दोन कड्या बसवल्या, एक वर आणि एक डुकराच्या नाकाच्या उंचीच्या खाली. मे महिन्यात तळ्याभोवती काठापासून चार मीटरवर जाळी झाली, खालची कड फूटभर गाडलेली. झटका मशीन घेतले नाही. दोन कोपऱ्यांत रबरी मॅटच्या पट्ट्या सोडल्या; ट्यूब आणि दोर खांबाला आहेत. एका कोपऱ्याचा उतार तोडून तो सौम्य करावा असे मनात होते, पण त्यासाठी कागद कापून नवा जोड द्यावा लागेल असे कळले आणि पाणी साठवण्याचे दिवस जवळ आले होते, म्हणून ते पुढच्या उन्हाळ्यावर ढकलले.

शेडच्या पूर्वेला जांभा यांच्या मापाचा हौद बांधला. गवंड्याने सवयीने तळ घोटून गुळगुळीत केला होता, तो ओला असतानाच खराट्याने ओरखडून घेतला. बागेतल्या जुन्या ठिबकच्या नळ्या आणि चार मिनी स्प्रिंकलर शेडच्या आढ्याला बांधले, ते दुपारी बारा ते चार दर अर्ध्या तासाने दोन मिनिटे चालतात. जूनमध्ये एकदा मोटार बंद पडून दीड दिवस पाणी नव्हते. डॉक्टरसाहेबांचे लिहिलेले आठवले म्हणून बादलीने थोडे थोडे पाणी दिले; गडी वैतागला, पण एकही जनावर आजारी पडले नाही.

वाढीची जनावरे हौदात दुपारभर एकमेकांवर रेलून पडलेली असतात. 17 नंबरची मादी मात्र एकदाही त्यात उतरलेली नाही. हौदाच्या भरणीचा नळ किंचित गळतो, त्याखाली तिने स्वतःपुरता एक खड्डा उकरला आहे आणि ती तिथेच बसते. त्या नळाचा वॉशर आणून ठेवला आहे, अजून बदललेला नाही.